पाठीतलं जोडकेळं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडील ५४ वर्षांचे, तासगावकडं दीड एकर द्राक्षबाग, दोन महिने झाले डावा पाय दुखतोय. मिरजेत एमआरआय केला. रिपोर्टमध्ये तीन गोष्टी आल्या: एल ५–एस १ ला, म्हणजे कंबरेचा शेवटचा मणका आणि त्याखालचं त्रिकास्थी यांच्या जोडावर, डावीकडं ‘कंजॉइन्ड नर्व्ह रूट’, तिथंच मणक्यांमधल्या गादीचा सौम्य फुगवटा, आणि एल ५ चं अर्धवट ‘सॅक्रलायझेशन’. एक डॉक्टर म्हणाले, जन्मजात दोष आहे, दुर्बिणीतून लगेच ऑपरेशन करून घ्या. दुसरे म्हणाले, ‘कंजॉइन्ड’च्या त्या ओळीकडं लक्षच देऊ नका. यातलं खरं कुणाचं, आणि जन्मजात असेल तर तुम्हालाही ते असेल का, हे तुम्हाला हवंय. शिवाय वडिलांनी बागेत काम करावं की नाही.

मी बावीस वर्षं मणक्यांची ऑपरेशनं करतोय, त्यातली बरीच याच भागात. तुमच्या मजकुरात मला एक गोष्ट सापडली नाही. रिपोर्टच्या पानांचे फोटो तुम्ही पाठवलेत, पण वडिलांचा पाय नेमका कुठं दुखतो हे एका शब्दानंही लिहिलेलं नाही. कुल्ल्यात? मांडीच्या मागं? पोटरीत? अंगठ्यापर्यंत की करंगळीपर्यंत? खोकलं की चमक जाते का? हे कळल्याशिवाय दोन्ही डॉक्टरांपैकी कुणाची बाजू घ्यायची हे मलाच काय, कुणालाच सांगता येणार नाही. त्यामुळं खरा प्रश्न ‘कंजॉइन्ड म्हणजे काय’ हा नाही. रिपोर्टमधल्या तीन गोष्टींपैकी पाय दुखायला जबाबदार कोण, की तिघांपैकी कुणीच नाही, हा आहे.

आधी रचना समजून घेऊ. आपल्याकडं ‘नस’ या एका शब्दात सगळं येतं. हातावर फुगलेली दिसते ती शीर, म्हणजे रक्तवाहिनी, आणि पायात करंट मारतो तो मज्जातंतू, दोन्हीला नसच म्हणतात. त्यामुळं ‘नस जोडलेली आहे’ म्हटलं की पेशंटला वाटतं रक्त अडलंय, पाय काळा पडणार. तसं काही नाही. इथं आपण मज्जातंतूच्या मुळाबद्दल बोलतोय. मेंदूपासून निघालेली मज्जारज्जूची जाड दोरी कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या आसपास संपते. तिथून खाली मज्जातंतूंचा नुसता जुडगा लोंबतो, घोड्याच्या शेपटीसारखा. हा जुडगा पाण्यासारख्या द्रवानं भरलेल्या एका पिशवीत असतो. त्यातून प्रत्येक मणक्याला डावं-उजवं एकेक मूळ स्वतःचं आवरण घेऊन बाहेर पडतं, आणि हाडांमधल्या आपल्या खिडकीतून पायाकडं जातं. पाच कंबरेच्या जोड्या, पाच माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीच्या, आणि अगदी शेवटी एक बारीक.

पुस्तकात प्रत्येक मूळ आपापल्या उंचीवर, आपापल्या आवरणात, शिस्तीत निघतं. माणसात नेहमी तसं नसतं. कधी दोन शेजारी मुळं एकाच आवरणात, एकाच जागेवरून बाहेर पडतात आणि पुढं जाऊन वेगळी होतात. जोडकेळं पाहिलंय ना? एका सालीत दोन केळी. कंजॉइन्ड रूट म्हणजे तेच, जोडमूळ. बहुतेकदा एल ५ आणि एस १ या दोन मुळांमध्ये, आणि बहुतेकदा एकाच बाजूला. गर्भात मज्जातंतू आणि त्यांची आवरणं आपापल्या जागी सरकत असताना ही दोन वेगळी व्हायची राहून जातात. जन्मजात हे बरोबर. पण ‘दोष’ हा शब्द मी वापरणार नाही. जोडकेळं खाऊन कुणी आजारी पडत नाही.

मी स्वतः हे पहिल्यांदा पाहिलं ते ऑपरेशन थिएटरमध्ये नव्हे, तर एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी, शवविच्छेदनाच्या टेबलावर. आम्ही सहा जण एका टेबलावर होतो. डावीकडं मुळं मोजताना एक कमी भरत होतं. आम्हाला वाटलं, आमच्याच हातून कापलं गेलं. सरांनी चिमट्यानं जाड दिसणारं आवरण उकललं, तर आत दोन. ‘मोजायला चुकला नाहीत, पुस्तकाप्रमाणं मोजलंत,’ एवढंच म्हणून ते पुढच्या टेबलाकडं गेले. तो माणूस आयुष्यभर त्या पाठीनं जगला होता, आणि त्याला यातलं काही कधी कळलं असेल असं वाटत नाही.

हे किती जणांत असतं? एक जुना अभ्यास मला फार बोलका वाटतो. १९८४ साली कॅडिश आणि सिमन्स या दोघांनी १०० शवांमधली कंबरेची मुळं उघडून पाहिली आणि त्याच अभ्यासात पाठीत औषध सोडून काढलेले १०० एक्स-रेही तपासले. त्या काळी एमआरआय सर्रास होत नव्हता. शवांमध्ये मुळांच्या रचनेतला फरक १४ टक्के आढळला, एक्स-रेवर फक्त ४ टक्के. यात एकट्या जोडमुळांचा नाही, सगळ्या प्रकारच्या फरकांचा हिशेब आहे. तरी अर्थ उघड आहे: असं काही असलेली माणसं बरीच, आणि त्यातली पुष्कळशी चित्रात सापडतच नाहीत. आता एमआरआय चांगले झालेत म्हणून ही ओळ जास्त रिपोर्टांत दिसते. लोकांच्या पाठी बदललेल्या नाहीत.

जोडमूळ हा एकच प्रकार नाही. १९८३ मध्ये नायड्री आणि मॅकनॅब यांनी जी वर्गवारी केली ती आजही वापरतात. पहिल्या प्रकारात दोन मुळं एका आवरणात निघतात, किंवा एखादं मूळ तिरकं उतरायचं सोडून जवळजवळ काटकोनात बाहेर पडतं. दुसऱ्यात दोन मुळं एकाच खिडकीतून जातात, आणि शेजारची खिडकी कधी चक्क रिकामी असते. तिसऱ्यात शेजारच्या दोन मुळांना जोडणारा एक आडवा धागा असतो. याशिवाय एल ४ च्या आसपास बेचक्यासारखी दुभंगणारी एक फांदी असते. तिचे धागे मांडीच्या पुढच्या भागाकडंही जातात आणि पायाच्या मोठ्या नसेकडंही. तिच्यावर दाब आला की पेशंट एकाच वेळी गुडघ्याच्या वरचं आणि नडगीचं दुखणं सांगतो, आणि तरुण डॉक्टर वहीत ‘तक्रार विसंगत’ असं लिहून मोकळा होतो. विसंगत काही नसतं. वायरिंग वेगळं असतं.

मग जोडमुळानं त्रास कधी होतो? एकटं असताना सहसा नाही. साधं मूळ थोडं हलू शकतं. गादी जरा बाहेर आली तर ते बाजूला सरकतं, वाकतं, जागा करून घेतं. जोडमूळ जाड असतं आणि हाडाजवळ जखडल्यासारखं असतं. हाडाच्या कडेची जी अरुंद खोबण एका मुळासाठी आहे तिथं दोघं. त्यामुळं ज्या लहान फुगवट्याला तुमची-माझी पाठ ढिम्म हलणार नाही, तेवढाच फुगवटा इथं पाय दुखवू शकतो. वयानं हाडाची कड वाढली असेल तर तीही पुरते. तुमच्या रिपोर्टमध्ये ‘सौम्य’ लिहिलंय म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी तो बाजूला ठेवला असेल, आणि एरवी ते बरोबरच आहे. पन्नाशीच्या माणसाची पाठ एमआरआयमध्ये घातली तर, काहीच दुखत नसतानाही, फुगलेली गादी सर्रास सापडते. पण जोडमुळाच्या शेजारी असेल तर ‘सौम्य’ शब्दावर मी एकदम विसंबत नाही.

आता तुमच्या रिपोर्टमधली जी ओळ कुणीच मनावर घेतली नाही असं दिसतं, ती मला सगळ्यात जास्त खटकली. एल ५ चं अर्धवट सॅक्रलायझेशन. कंबरेचा शेवटचा मणका एका किंवा दोन्ही बाजूंनी खालच्या त्रिकास्थीला चिकटलेला. हेही जन्मजात, हेही पुष्कळांत असतं. इटलीच्या बर्टोलोत्ती यांनी १९१७ मध्ये अशा मणक्याचा कंबरदुखीशी संबंध जोडला. १९८४ मध्ये कास्टेलवी यांनी त्याचे चार प्रकार लावले. चिकटलेल्या मणक्याखालची गादी बहुधा बारीक, अर्धवट वाढलेली आणि सांभाळलेली असते, कारण तिथं हालचालच कमी. सगळा ताण तिच्या वरच्या गादीवर येतो आणि झिजते ती वरची. मग एल ५ चिकटलेला आहे आणि फुगवटा एल ५–एस १ ला आहे, हे दोन्ही एकत्र वाचलं की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो: मणके मोजले कुठून?

हा किरकोळ प्रश्न वाटेल. नाही. कंबरेच्या एमआरआयमध्ये साधारणपणे कंबरच दिसते, मान दिसत नाही. वाचणारा खालून मोजतो: हे त्रिकास्थी, म्हणून त्याच्या वरचा एल ५. पण शेवटचा मणका अर्धा इकडचा अर्धा तिकडचा असला, की खालून मोजणाऱ्याचा एल ५ हा वरून मोजणाऱ्याचा एल ४ होऊ शकतो. बरगड्यांवरून मोजलं तरी फसगत होते, कारण काहींना बारावी बरगडी नावापुरतीच असते. खात्रीचा मार्ग एकच, मानेच्या दुसऱ्या मणक्यापासून खाली मोजत यायचं. त्यासाठी एमआरआयवाले अख्ख्या पाठीचं एक झटपट चित्र काढतात, दोन मिनिटांचं काम. ते काढलंय का विचारा. काढलं असेल तर सीडीत असेल, छापील फिल्मवर बहुधा नसेल.

मोजणीत एक घोळ आणखी आहे. मणक्याचा आकडा बदलला की मुळाचं काम बदलतं का? मॅककुलक आणि वॅडेल यांनी १९८० मध्ये मांडलं की जो शेवटचा नीट हलणारा सांधा आहे, तिथून निघणारं मूळ एल ५ चं काम करतं, नाव काहीही असो. पुढच्या अभ्यासांत हे प्रत्येक माणसात तंतोतंत बसलं नाही, पण विचार करायची दिशा म्हणून मला अजूनही उपयोगी पडतं. आकड्यांवर भांडण्यापेक्षा पायाला विचारायचं.

ते घरी असं करा. वडिलांना एका बोटानं दुखण्याची रेघ ओढायला सांगा, कुल्ल्यापासून खाली जिथं संपते तिथपर्यंत. नडगीच्या बाहेरच्या बाजूनं पावलाच्या वरच्या भागावर, अंगठ्याकडं गेली तर ते सहसा एल ५. पोटरीच्या मागून टाचेकडं, करंगळीच्या कडेला गेली तर एस १. मग भिंतीला हात टेकून टाचांवर चार पावलं चालायला सांगा. चवडा उचलत नसेल, अंगठा वर राहत नसेल तर एल ५ कडं बोट जातं. मग एका पायाच्या चवड्यावर दहा वेळा वर-खाली. डावीकडं चार-पाचात दम संपला आणि उजवीकडं दहा झाले तर एस १. दोन्ही चाचण्यांत डावा पाय मागं पडला तर जोडमुळाची शंका मी गांभीर्यानं घेईन, कारण एका सालीतली दोन्ही मुळं एकदम दाबली गेली की असंच दिसतं. आणि दुखणं गुडघ्याच्या वरच थांबत असेल, कंबरेतच जास्त असेल, पायाची ताकद शाबूत असेल, तर रिपोर्टमधलं जोडमूळ हा निव्वळ योगायोग असण्याची शक्यता मोठी. मग चिकटलेल्या मणक्याजवळचा सांधा, कंबरेचे स्नायू, खुब्याचा सांधा, हे आधी तपासायचं. पाय उचलून बघायची जी नेहमीची तपासणी असते, ती जोडमुळात कधीकधी साफ फसवते. चमक येतच नाही. तेवढ्यावरून ‘नस दबलेली नाही’ म्हणू नये.

पहिल्या डॉक्टरांची घाई मला का पटत नाही, त्याला माझा एक जुना अनुभव कारण आहे. उमेदवारीच्या काळात, दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका रुग्णालयात, मी एका गाडीचालकाची एल ५–एस १ ची गादी काढत होतो. रिपोर्टमध्ये ‘गादीचा मोठा तुकडा सरकलाय’ असं होतं. आत गेलो तर मूळ हवं त्यापेक्षा जाड, आणि बाजूला करायला जावं तर हलेना. मला वाटलं, सूज आहे, चिकटलंय. मी ओढलं. फार नाही, पण ओढलं. तुकडा तर कुठंच सापडला नाही. शुद्धीवर आल्यावर त्यांना डावा पंजा उचलता येईना. चार महिने लागले तो नीट व्हायला, आणि ते चार महिने गाडी बंद. नंतर मी ती फिल्म पुन्हा लायटीच्या डब्यावर लावली. तुकडा म्हणून जे दाखवलं होतं ते पिशवीतल्या द्रवाइतकंच पांढरं होतं. गादीचा तुकडा सहसा तेवढा पांढरा नसतो. पिशवीचा डावा कोपरा उजव्यासारखा गोल नव्हता, बाहेर ओढल्यासारखा होता, आणि कोपरा व मूळ यांच्यामध्ये चरबीची चंद्रकोरीसारखी रेघही दिसत होती. सगळं आधीपासून तिथंच होतं. मीच ओळखलं नाही.

म्हणून तुमच्या रिपोर्टमध्ये ही ओळ आलीय याला मी नशीब समजतो. रेडिओलॉजिस्टनं नीट पाहिलंय. शंका असली तर समोरून काप घेतलेली चित्रं काढता येतात. त्यात दोन मुळं एका जागेवरून निघताना सरळ दिसतात. गाठ किंवा तुकडा आहे की जोडमूळ, हे ठरत नसेल तर शिरेतून औषध देऊन पुन्हा चित्र घेतात. तुकड्याच्या कडा औषधानं उजळतात, जोडमूळ उजळत नाही.

ऑपरेशन कधीच नको असं मी म्हणत नाही. सायटिकाची, म्हणजे कंबरेतून पायात उतरणारी, बहुतेक दुखणी सहा ते बारा आठवड्यांत गोळ्या, बेताची हालचाल आणि व्यायाम यांवर उतरतात. तुमचे दोन महिने झालेत, म्हणजे अजून थोडा काळ हातात आहे, पायाची ताकद टिकून असेल तर. त्या काळात मी बहुधा मुळाजवळ एक इंजेक्शन देऊन पाहीन, चित्र बघत, बधिर करणारं औषध आणि थोडं स्टेरॉइड. दुखणं काही तासांत थांबलं तर मुळाचा सहभाग पक्का. फक्त जोडमुळात औषध दोन्हीकडं पसरतं, त्यामुळं दोघांतलं कुठलं हे त्यावरून सांगता येत नाही. गावात कंबरेत मारलं जाणारं ‘ताकदीचं इंजेक्शन’ यात धरू नका. आणि वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या असतील तर एकदा रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्या, मूत्रपिंड नीट चालतंय का ते त्यावरून कळतं. फवारणीच्या दिवसांत दोन-दोन गोळ्या खाऊन काम ओढणारे बागायतदार माझ्याकडं दर मोसमात येतात.

एवढं करूनही पाय ऐकत नसेल, तर ऑपरेशन. पण त्यात ‘लगेच’पेक्षा ‘कसं’ महत्त्वाचं. जोडमुळाला बाजूला ओढायला जागा नसते, म्हणून हाड जास्त मोकळं करावं लागतं. खोबण आणि खिडकी आधी रुंद करायची, मग गादीकडं बघायचं. कित्येकदा जागा मोकळी केल्यावर गादीला हात लावायचीही गरज पडत नाही. बाजूनं दुर्बीण घालायच्या पद्धतीत सर्जन एका त्रिकोणातून आत शिरतो. कॅम्बिन यांच्या नावानं तो ओळखला जातो. बाहेर पडणारं मूळ, आतली पिशवी आणि खालच्या मणक्याची कड, यांच्यामधली ही सुरक्षित समजलेली जागा. जोडमूळ नेमकं त्याच त्रिकोणात आडवं पडलेलं असू शकतं. म्हणून पहिल्या डॉक्टरांना विचारा: मोजणी वरून केलीत का, जोडमूळ त्या वाटेत येतं का, आणि आलं तर पद्धत बदलणार का? चांगला सर्जन या प्रश्नांनी रागावत नाही. तो सीडी लावून दाखवतो.

एक गोष्ट मात्र थांबण्यासारखी नाही. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, बसायच्या जागेची संवेदना गेली, दोन्ही पाय लुळे वाटू लागले, किंवा पंजा दिवसागणिक जास्त लोंबायला लागला, तर मोजणीबिजणी बाजूला. रात्र असली तरी गाडी काढून मिरज-सांगली गाठायची.

तुमच्याबद्दल: हा आई-वडिलांकडून मुलांकडं उतरणारा आजार म्हणून आम्ही धरत नाही. तुमची पाठ दुखत नसेल तर एमआरआयवर पैसे घालू नका.

बागेचं काम पूर्ण बंद करू नका. अंथरुणावर पडून राहिल्यानं पाठ आणखी आखडते. मांडवाखाली तासन्‌तास अर्धवट वाकून उभं राहणं, पाठीवरचा पंप, आणि वाकून क्रेट उचलून वळणं, ही तीन कामं सध्या दुसऱ्यांकडं द्या. बागेत फेरी मारणं, गड्यांना सांगणं, उभ्यानं होणारं काम चालेल, दर अर्ध्या तासानं जागा बदलून. छाटणीच्या वेळी स्वतःच कात्री धरायचा हट्ट असेल तर ओळीच्या उंचीप्रमाणं स्टूल घ्या.

आता बोटाच्या रेघेची आणि टाचा-चवड्यांची चाचणी करून उत्तर लिहा. रेघ अंगठ्याकडं गेली की करंगळीकडं, आणि डाव्या चवड्यावर किती वेळा वर गेले, हा आकडा नक्की टाका.